शेती हाती घेतलेल्या बाईला हंगामभर सोबत कोण देणार?

मृगधारा | १० मे, रात्री ९.४०

नमस्कार. मी औसा तालुक्यातील एका गावात राहते. तीन वर्षांपूर्वी यजमानांचे निधन झाले. त्यानंतर शेत बटईने दिले होते. यंदाच्या पाडव्याला बटईदाराचे साल संपले, तेव्हा ते पुढे न देता स्वतः करण्याचे मी ठरवले. क्षेत्र साडेतीन एकर, जमीन काळी, आणि विहीर आहे ती जानेवारीपर्यंत कशीबशी साथ देते. खरिपात सोयाबीन व त्यात तुरीचे पट्टे आणि रब्बीत हरभरा, असे पीक आमच्याकडे वर्षानुवर्षे चालत आले आहे. घरात सासूबाई, नववीतली मुलगी आणि दोन शेळ्या आहेत. पूर्वी मी बालवाडीत शिकवत असे, त्यामुळे लिहिण्याची सवय आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्यावे.

गेल्या हिवाळ्यात मी तीन प्रशिक्षणांना जाऊन आले. गांडूळखत, जीवामृत, पीक प्रक्रिया, बचत गटांसाठी कर्ज असे विषय होते. शिकवणारे मनापासून शिकवत होते, जेवण चांगले होते आणि प्रमाणपत्रही मिळाले. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन हे प्रमाण मला झोपेतही सांगता येईल. मात्र एप्रिलमध्ये नांगरणीसाठी ट्रॅक्टरवाला बांधावर येऊन उभा राहिला आणि त्याने विचारले, ‘नुसता मोगडा मारायचा की नांगरून घ्यायचे, आणि खोली किती?’ मी गप्प राहिले. त्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाला, ‘राहू द्या, मी दादांना फोन करतो.’ दादा म्हणजे माझे मोठे दीर. त्यांचे शेत वेगळे आहे आणि या शेताशी त्यांचा आता काहीही संबंध नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. या रानात मी अठरा वर्षे खुरपले आहे. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कुठे हराळी हटत नाही, कोणत्या ओळीत तूर मर लागून जाते हे मला यजमानांपेक्षा अधिक ठाऊक होते, आणि ते स्वतःही तसे म्हणत. बियाणे निवडणे, साठवणे, काढणी, उडव लावणे, राशीला हात लावणे ही सगळी कामे मी केलेली आहेत. परंतु पेरणी कधी करायची, दुकानातून कोणते वाण आणायचे, कोणाचे औजार सांगायचे, माल कधी आणि कोणाकडे न्यायचा, यांपैकी एकही प्रश्न अठरा वर्षांत मला कोणी विचारला नाही. त्यामुळे प्रशिक्षणात आम्हाला ‘नवशिक्या महिला शेतकरी’ म्हणतात तेव्हा थोडे हसू येते. कामात मी जुनी आहे, ठरवण्यात नवी आहे. आणि जे ठरवायचे असते तेच कोणत्याही वर्गात शिकवलेले मला आढळले नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. ठरवायचे कसे हे शिकवणारे प्रशिक्षण कोणाच्या पाहण्यात आहे काय? आणि एका हंगामापुरते का होईना, पाठीशी उभे राहणारे जाणते माणूस कोणाला लाभले असल्यास ते कसे मिळाले, काय बोलून मागितले?

---

सातबारा | १० मे, रात्री ११.०५

ताई, मी कृषी सहायक म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आपल्या प्रश्नाच्या उत्तरात एक कबुलीही द्यावी लागेल. प्रशिक्षणाची यादी करताना आम्ही खातेदारांची वही उघडत असू आणि त्यात बायकांची नावे क्वचितच असत. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशातील वहितीदारांत महिलांचे प्रमाण जेमतेम चौदा टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे शेतात राबणाऱ्यांपैकी बहुतेकींपर्यंत आमची यादी पोहोचतच नव्हती. महिलांसाठी वेगळा कार्यक्रम घ्या असा आदेश आला की आम्ही बचत गटाच्या अध्यक्षांना निरोप देत असू आणि लोणचे, पापड किंवा परसबाग हा विषय ठेवत असू. सोयाबीनवरील चक्रीभुंग्याचा विषय पुरुषांच्या बैठकीत होई. जी बाई रोज त्या पिकात वाकलेली असते तिला तो किडा दाखवावा, हे मलाही फार उशिरा सुचले.

आता प्रशिक्षणाच्याही आधीची एक गोष्ट विचारतो. वारसनोंद झाली आहे काय? जमीन यजमानांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुले आणि मृताची आई हे पहिल्या वर्गातील वारस असून त्यांचा हिस्सा समान असतो. आपल्या बाबतीत आपण, मुलगी आणि सासूबाई असे तीन हिस्से होतील. मुलगी अज्ञान असल्याने तिच्या नावापुढे पालक म्हणून आपले नाव लागेल. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे शपथपत्र जोडून गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज द्यावा; नोंद आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत होते आणि मग फेरफार निघतो. जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर गुंता वाढतो, पण हक्क जात नाही. आधी निधन पावलेल्या मुलाची पत्नी आणि मुले सासऱ्यांच्या वारसांत येतात.

हे इतके सविस्तर लिहिण्याचे कारण असे की पीककर्ज, पीकविमा, शेतकरी सन्मान निधी, शेतकरी ओळखपत्र आणि हमीभावाच्या केंद्रावरील नोंदणी या सगळ्यांच्या दारात सातबारा विचारला जातो. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा व विदर्भातील शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ महिलांची माहिती गोळा केली, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे चाळीस टक्के महिलांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. अशा बाईला तीन दिवस ठिबक सिंचन शिकवून पाठवले तर अनुदानाच्या अर्जावर तिने कोणाचे नाव लिहायचे?

---

कोरडवाहू | ११ मे, सकाळी ७.२०

सर्वांचा आदर राखून एक शंका मांडतो. मला तरी शेती कोणी शिकवली? वडील गेले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. पहिल्या वर्षी दुबार पेरणी झाली, दुसऱ्या वर्षी दुकानदाराने नको ती औषधे गळ्यात मारली, आणि मी चुकत चुकत शिकलो. शेतीत चुकूनच शिकावे लागते. बायकांसाठी वेगळे मार्गदर्शक, वेगळी शाळा असे केले तर त्या कायमच कोणावर तरी अवलंबून राहतील असे वाटत नाही काय?

---

तेरणाकाठ | ११ मे, दुपारी १.१५

कोरडवाहू, आपले वडील आपल्याला किती वर्षांचे असताना तिफणीमागे चालायला लावत होते? दहा की बारा? बियाण्याच्या दुकानात त्यांच्याबरोबर पहिल्यांदा कधी गेलात? आडतीवर लिलाव चालू असताना त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलात तेव्हा वय काय होते? या सगळ्याला घरात कोणी प्रशिक्षण म्हटले नाही, म्हणून ते झालेच नाही असे आपल्याला वाटते आहे. आपल्याबरोबर वाढलेली बहीण त्या वेळी घरी भाकरी करून शेतात पोहोचवत होती. तेवीसाव्या वर्षी आपण चुकलात हे खरे, पण दुबार पेरणीसाठी उसनवारीने बियाणे आपल्याला मिळाले. आडत्याने वडिलांच्या ओळखीवर उचल दिली असेल. एकट्या बाईला पहिल्या चुकीनंतर गाव सांगते की शेत पुन्हा बटईने दे. चुकण्याची दुसरी संधी मिळेपर्यंत कोणीतरी जवळ असावे, एवढीच मागणी आहे.

मृगधारा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर सावकाश लिहिते. संध्याकाळी शेळ्या बांधून झाल्या की बसते.

---

आडत_पेढी | ११ मे, दुपारी ४.५०

माझी आडत आहे, मराठवाड्यातल्याच एका बाजार समितीत. आमच्या धंद्याबद्दल शेतकऱ्यांचे मत काय असते ते मला ठाऊक आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण या धाग्यावर थोडे उपयोगी लिहिता येईल असे वाटते.

बाई माल घेऊन आली की आमच्याकडे काय होते ते सांगतो. बहुतेक वेळा ती येतच नाही. टेम्पोवाल्याबरोबर चिठ्ठी येते आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, त्याच्याच हाती परत जाते. माल उतरवून ढीग होतो, हमाल नमुना काढतो, खरेदीदार मूठभर दाणे हातात घेऊन ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे पाहतो आणि बोली लागते. ही सगळी पाच मिनिटांची गोष्ट असते. त्या पाच मिनिटांत मालाचा मालक ढिगापाशी उभा आहे की नाही याने फरक पडतो, हे मी धंद्यात असूनही सांगतो. सोयाबीनमध्ये बारा टक्के ओलावा धरून भाव बोलला जातो. माल त्याहून ओला असेल तर भाव उतरतो आणि किती उतरावा यात घासाघीस चालते. घरून निघण्यापूर्वी माल दोन दिवस चांगला वाळवून आणि चाळून आणलेला असेल तर घासाघिशीला जागाच उरत नाही.

पट्टी हातात आली की चार आकडे पाहावेत : वजन, दर, हमाली, तोलाई. पट्टीवर नसलेली एखादी रक्कम तोंडी सांगून कापली, किंवा कडता म्हणून काही किलो वजा केले, तर तिथेच विचारावे. आवाज चढवण्याची गरज नसते, ‘हे कशाचे?’ एवढे दोनदा विचारले की पुष्कळदा आकडा दुरुस्त होतो. माल विकायचा नसला तरी एकदा कोणाबरोबर तरी लिलाव पाहायला यावे. आपला ढीग नसताना बाजार पाहिला म्हणजे घाबरगुंडी होत नाही.

---

शेळीवाली | ११ मे, सायंकाळी ६.३०

शेतीचे मोठे बोलणारे बोलतील, मी तुमच्या दोन शेळ्यांबद्दल बोलते. मी गावात पशुसखीचे काम करते. उमेदमधून, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून, आमचे प्रशिक्षण झाले आणि त्यातले मला सर्वांत उपयोगी पडले ते असे की प्रशिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यानंतर गावात जाऊन काम करून यायचे आणि काय अडले ते पुढच्या वेळी सांगायचे. पहिल्यांदा लसीची सुई हातात घेतली तेव्हा हात थरथरत होता. माझ्याआधी झालेली पशुसखी पाठीमागे उभी राहिली आणि तिने फक्त ‘कातडी जरा वर उचल’ एवढे सांगितले. पुस्तकात तेच लिहिलेले होते, पण वाचून हात थांबला नव्हता.

तुमच्याकडे उस्मानाबादी शेळ्या असतील तर त्या जुळी देण्यासाठीच नावाजलेल्या आहेत, आणि जुळी करडे जगवणे हीच खरी मिळकत आहे. करडू जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याला चीक पाजावा. वार पडेपर्यंत थांबायचे, हा आपल्याकडचा समज करडांच्या जिवावर उठतो. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची लस आणि जंताचे औषध द्यावे, पीपीआर या साथीच्या रोगाची लस झाली आहे की नाही ते पाहावे. ज्वारीची पेरणी आणि शेळीचे गाभण जाणे दोन्ही तारखेनिशी वहीत लिहावे; शेळी सुमारे दीडशे दिवसांत विते, त्यामुळे कोणत्या महिन्यात करडे येतील आणि त्या वेळी चारा असेल का, हे आधी ठरवता येते. माणदेशात म्हसवडच्या बाजूला महिलांना शेळ्यांचे कृत्रिम रेतनही शिकवले गेले. ‘बायकांना हे काम जमेल का’ या प्रश्नावर मी आता वेळ घालवत नाही.

विक्रीचे एकच सांगते. व्यापारी दारात येतो, शेळीच्या पाठीवर हात फिरवतो आणि उक्ती किंमत सांगतो. आमच्या गटाने एक ताणकाटा विकत घेतला आणि बोकड वजनावर विकायला सुरुवात केली. पहिल्या वेळी व्यापारी रागावून परत गेला. चौथ्या दिवशी परत आला. आता काटा माझ्या ओसरीवर टांगलेला असतो आणि ज्यांच्याकडे बोकड नाहीत त्यासुद्धा तो बघायला येतात, का ते कळत नाही.

---

तेरणाकाठ | ११ मे, रात्री १०.३०

मृगधारा, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मी तुमच्याच बाजूची, धाराशिव जिल्ह्यातली. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर घरे पुन्हा बांधताना गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. बांधकामाची माहिती घरोघर पोहोचवायची आणि काम पाहायचे, असे त्यांचे काम होते. माझी मावशी त्यांच्यात होती. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब मागणारी बाई आमच्या गावाने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. पुढे त्याच कामातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने आमच्या भागात एक एकर शेतीची कल्पना रुजवली. घरच्या जमिनीतला अर्धा किंवा एक एकर बाईने स्वतःच्या निर्णयासाठी मागून घ्यायचा आणि त्यात कडधान्ये, भाज्या, तृणधान्ये अशी घरात खाल्ली जाणारी मिश्र पिके कमी पाण्यात करायची. शेतीच्या दृष्टीने त्यात नवल काही नव्हते, आमच्या आज्या तशीच शेती करत. नवल त्या मागून घेण्यात होते. एका एकरात काय पेरायचे हे ठरवून झाले की दुसऱ्या वर्षी नवरा स्वतःच विचारतो, ‘उरलेल्यात काय घ्यावे?’

माझी स्वतःची सोबतीण म्हणजे शेजारच्या वस्तीवरची एक आजी. अक्षरओळख नाही, बावीस वर्षे एकटीने शेत केलेले. मी तिला मार्गदर्शक व्हा असे म्हटले असते तर ती पळून गेली असती. मी म्हटले, ‘तुमच्या खुरपणीला दोन दिवस येते, माझ्या पेरणीच्या दिवशी तुम्ही बांधावर बसा.’ आपल्याकडे सावड आहेच. कामाच्या बदल्यात काम. जाणतेपणाची सावड मागितली, इतकेच. पैसे देऊ केले असते तर ते नाते दोघींनाही जड गेले असते.

हंगामात ती माझ्या शेतात आठ-नऊ वेळा आली. पेरणीच्या आधी आली तेव्हा तिने मुठीत माती दाबून पाहायला लावली. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असे कागदावर असते. ती मिलिमीटर जाणत नव्हती, पण वीतभर खोल ओल गेली आहे का ते काठी खुपसून बघायची, आणि मी पावसाच्या नोंदींशी ताडून पाहिले तर दोन्ही जुळत होते. पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याला मी थांबवले आणि पहिल्या दोन ओळींनंतर माती उकरून बी किती खोल पडले ते पाहिले. तीन ते पाच सेंटिमीटर हवे, सात-आठवर गेले होते. त्याला यंत्र वर घ्यायला सांगताना माझा आवाज फाटला. आजी काहीच बोलली नाही, फक्त उठून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याने यंत्र वर घेतले.

पुढे वीस-बावीस दिवसांनी तिने मला झाडे मोजायला लावली. चाळीसाव्या दिवसाच्या आसपास शेंडे माना टाकू लागले तेव्हा मी थेट दुकानात निघाले होते. तिने देठ हातात घेऊन त्यावरच्या दोन खापा दाखवल्या. तो चक्रीभुंगा. किती झाडांवर आहे ते आधी मोज, वाळलेले शेंडे खापेच्या खालून तोडून जाळ आणि मग औषधाचे बघ, असे म्हणाली. फवारणीत मात्र तिचे ज्ञान जुने होते. डब्यावरच्या चौकोनातला रंग लाल, पिवळा, निळा, हिरवा अशा उतरत्या विषारीपणाचा असतो हे मी प्रशिक्षणात शिकले होते आणि ते मी तिला शिकवले. म्हणून प्रशिक्षणे वाया गेली असे म्हणू नका. ज्या वेळी प्रश्न समोर उभा राहील त्या वेळी ते शिकलेले आठवून देणारे कोणी लागते.

सोबतीण बाईच असावी असा माझा हट्ट नाही. आमच्या गावात एकीला शेजारच्या शेतातल्या वयस्कर मामांनी उत्तम शिकवले. लोक बोलू लागले तेव्हा त्या दोघीतिघी मिळून त्यांच्याकडे जाऊ लागल्या आणि बोलणारे थकले.

---

मक्याचा_मुलूख | १२ मे, सकाळी ६.१०

मी मूळची बार्शीची, गेली अकरा वर्षे अमेरिकेतील आयोवा राज्यात राहते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि शेजारच्या शेतकरी कुटुंबांत मिसळले. इथली शेते शेकडो एकरांची, यंत्रे घराएवढी, त्यामुळे तुलना करायला मन धजत नाही. पण मृगधारा यांचा पहिला प्रश्न वाचून एक गोष्ट आठवली.

इथे ‘अ‍ॅनीज प्रोजेक्ट’ नावाचा एक अभ्यासवर्ग चालतो. इलिनॉय राज्यातील कृषी विस्तार कार्यकर्त्या रूथ हॅम्बल्टन यांनी २००३ मध्ये तो सुरू केला आणि शेतकऱ्याशी लग्न करून आयुष्यभर शेतीचा कारभार सांभाळलेल्या आपल्या आईचे नाव त्याला दिले. त्यात पीक कसे घ्यावे याला फारसा वेळ दिला जात नाही. जमिनीची कागदपत्रे कोणाच्या नावाने आहेत, खंडाचा करार कसा वाचायचा, ताळेबंद कसा मांडायचा, धान्य कधी विकायचे, विमा कोणता घ्यायचा, घरातल्या माणसांशी या विषयांवर कसे बोलायचे, असे विषय असतात. माझी शेजारीण साठीला आली आहे. चाळीस वर्षे तिने शेताच्या जमाखर्चाच्या वह्या लिहिल्या, पण बँकेत कर्जाविषयी बोलायला ती पहिल्यांदा गेली ती या वर्गानंतर. वर्गात शेजारी बसलेल्या बायकांशी आजही ती फोनवर बोलते, आणि तिच्या मते खरा फायदा तोच होता. अमेरिकेच्या २०२२च्या कृषी गणनेत शेती करणाऱ्यांपैकी छत्तीस टक्के महिला आहेत. पण गणनेत नाव आले म्हणून बँकेच्या खुर्चीत आपोआप कोणी बसवत नाही, असे ती म्हणते.

---

सातबारा | १२ मे, सकाळी ९.००

तेरणाकाठ यांनी लिहिले त्याला आमच्या खात्यात शेतीशाळा म्हणतात, किंवा म्हणायला हवे. मूळ कल्पना इंडोनेशियात १९८९ च्या सुमारास भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या उपद्रवातून पुढे आली. पंचवीस-तीस शेतकऱ्यांनी पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक दिवशी एकाच शेतात जमायचे, झाड उपटून त्यावरचे शत्रुकिडे आणि मित्रकिडे मोजायचे, चित्र काढायचे आणि फवारायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे. शिकवणाऱ्याने उत्तर सांगायचे नाही, हा तिचा मुख्य नियम. तो नियम मी स्वतः कितीदा मोडला याची गणती नाही. घाई असते, फोटो काढायचे असतात. पण ज्या दोन शाळा नीट झाल्या, त्यांतल्या एकीत सगळ्या बायका होत्या आणि आम्ही वेळ सकाळी अकराची बदलून संध्याकाळी साडेपाचची केली होती. मजुरी बुडत नाही म्हटल्यावर हजेरी कधी कमी झाली नाही.

आपल्या तालुका कृषी कार्यालयात यंदा कोणत्या गावाला शेतीशाळा आहे ते विचारावे. आणि ई-पीक पाहणी आपल्याच मोबाइलवरून, आपल्याच हाताने करावी. हमीभावाने विकायचे ठरले तर सातबाऱ्यावरचा पीकपेरा तिथे लागतो, आणि तो पुतण्याने सवडीने भरायचा ठेवला की राहून जातो.

---

कोरडवाहू | १२ मे, रात्री ८.४५

तेरणाकाठ, आपल्या प्रश्नांची उत्तरे : तिफणीमागे नवव्या वर्षी, दुकानात अकराव्या वर्षी. आडतीवर चहा मिळत नसे, भजी मिळत. बहीण आज लातूरला असते. तिला फोन करून विचारले तेव्हा ती बराच वेळ हसली. माझा मुद्दा मागे घेतो.

मृगधारा, बियाण्याबाबत मला पडलेला फटका सांगतो. पक्के बिल घ्या, पिशवी खालच्या बाजूने फोडा म्हणजे वरचा टॅग शाबूत राहतो, आणि थोडे बियाणे त्याच पिशवीत शिल्लक ठेवा. उगवले नाही तर तालुक्याच्या तक्रार समितीपुढे या तीन वस्तूंशिवाय काही बोलता येत नाही. माझ्याकडे त्या वर्षी एकही नव्हती.

---

मृगधारा | १५ मे, रात्री ९.१५

सर्वांचे आभार मानते. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिणे झाले नाही. वारसनोंद झालेली नाही. यजमान गेल्यावर दिरांनी ‘मी बघतो’ असे म्हटले होते आणि मी पुन्हा विचारले नाही. काल सासूबाईंना घेऊन तलाठी कार्यालयात गेले. सासूबाईंना मी तीन हिस्स्यांचे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझे नाव कशाला, मी आज आहे उद्या नाही.’ मग थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘लावा.’ अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे.

सोबतीसाठी वस्तीवरच्या एका काकूंकडे गेले. त्यांनी खुरपणीच्या दोन दिवसांऐवजी तीन दिवस मागितले, मान्य केले.

एक शंका उरली आहे. बटईदाराने वाटणीत दिलेले घरचे सोयाबीन तीन पोती आहे. ते बियाणे म्हणून वापरावे काय?

---

तेरणाकाठ | १५ मे, रात्री १०.००

आधी तपासून पाहा. तिन्ही पोत्यांतून थोडे थोडे दाणे घेऊन एकत्र करा आणि न निवडता शंभर मोजा. गोणपाट भिजवून पिळून घ्या, त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. ओल टिकवा, पाणी साचू देऊ नका. सहा-सात दिवसांनी उघडून सरळ, निकोप कोंब आलेलेच मोजा. वाकडे, कुजके धरू नका. सत्तर किंवा अधिक आले तर एकरी तीस किलोप्रमाणे पेरा. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवत जा, साठच्या खाली गेले तर ते बियाणे सोडा. सोयाबीनचे साल नाजूक असते. पोती आपटू नका आणि थप्पी उंच लावू नका.

---

मृगधारा | २३ मे, सकाळी ७.०५

आज गोणपाट उघडले. मुलीने आणि काकूंनी वेगवेगळे मोजले; मुलीचे सहासष्ट आले, काकूंचे चौसष्ट. काकूंनी दोन वाकडे कोंब उचलून तिच्या तळहातावर ठेवले आणि ती गप्प झाली. चौसष्ट धरले आहेत, म्हणजे एकरी तेहतीस किलो. ट्रॅक्टरवाल्याला मीच फोन केला, आणि पेरणीच्या दिवशी पहिल्या दोन ओळींनंतर यंत्र थांबवून खोली पाहणार आहे हे त्याला आधीच सांगून ठेवले. तो म्हणाला, ‘बघा की.’